भैरू बिन लुमाण्णा

हुक्केरीच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीनंतर,
कारकून चष्म्यावरून बघतो. "यार मनेव्रु?"
कोणाच्या घरातल्या तुम्ही?
लुमाण्णांच्या, मी म्हणते.
"याव लुमण्णा?"
कोणता लुमाण्णा.
तेच तर विचारायला आले होते, दादा.

आमच्यात आजा गेला की नातू त्याचं नाव घालतो,
चपला घालाव्यात तसं, मापाचं असो नसो.
लुमाण्णाचा भैरू, भैरूचा लुमाण्णा,
आणि दोन भाऊ असले
तर दोघांच्याही थोरल्याला आजाच हवा.
मग एका बांधावर दोन चुलते लुमाण्णा,
जेवायला हाक मारली की दोघं वळणार,
कामाला मारली की एकही नाही.

पुतण्यासाठी वंशावळ काढते आहे.
एकाला लाल पेन्सिल, एकाला हिरवी,
खोडरबर तिसरा.

गडकऱ्यांचं बंड झालं तेव्हा
एक लुमाण्णा सामानगडावर, तटाच्या आत.
दुसऱ्यानं साहेबाच्या फौजेला बैल दिले, वैरण दिली
आणि (हे आमच्यात अजून दार लावून सांगतात)
वाट दाखवली.
वाटेचे सव्वीस एकर मिळाले,
हिरण्यकेशीच्या कडेला, काळंभोर रान.
मिरची तिथलीच खातो आम्ही
आणि चौकात फोटो लावतो बंडातल्याचा.
फोटो कुठला, चित्र ते.
चित्रकारापुढं मिशीला पीळ देऊन
आमचे धाकटे काका बसले होते दोन दिवस.
छाती एकाची फुगवायची,
उतारा दुसऱ्याचा काढायचा.

नकलेत मिळालं एवढंच: भैरू बिन लुमाण्णा.
मोडीतला तो बिन
विळ्यासारखा वाकलेला, दोन्हीकडं धार.

सुगीनंतर बसलिंग हेळवर आला.
त्याचा आजा बैलावरून यायचा,
हा मोटारसायकलवरून, चोपड्या प्लॅस्टिकच्या पोत्यात.
आधी जोंधळा मापून घेतला, मग चहा,
मग आमची पिढी न् पिढी म्हणत गेला,
अर्धी कन्नडात, अर्धी आमच्यात,
आणि एका पानावर अडला.
"हितं दोन लुमाण्णा हाईत बाई, आनि बायकू एकच.
गंगाव्वा."

गडावरचा काळ्या पाण्यावर गेला.
वाट दाखवणाऱ्यानं तिच्याशी पाट लावला.
आणि भैरू?
"भैरू हिचा."
ते कळलं हो, पण आधीचा की नंतरचा?
त्यानं बोट ओलं करून पान उलटलं, परत उलटलं.
"आमी तीन वर्सानं एकदा येतो.
मागल्या खेपेला न्हवता,
म्होरल्या खेपेला अंगणात पळत हुता."

तीन वर्षं.
बंड, फितुरी, शिक्षा, पाट
आणि चालायला शिकलेलं एक पोर,
सगळं दोन पानांच्या मधल्या शिवणीत.

पाट रात्री लागतो. दिवे कमी, माणसं कमी,
उखाणा कुणी मागत नाही.
पण पुढं कधीतरी, कुणाच्या बारशाला,
पोरीबाळींनी अडवलंच असेल, नाव घे, नाव घे.
तिनं घेतलं असेल. लुमाण्णा.
बायका हसल्या असतील, कुंकू लावलं असेल,
आणि सव्वीस एकरांच्या त्या घरात
तिनं कुणाला हाक मारली
हे तिच्याशेजारी बसलेलीलाही कळलं नसेल.

लाल आणि हिरवी, दोन्ही रेघा
मी भैरूपर्यंत आणून सोडल्या.
पुतण्याला आवडणार नाही.
त्याला चौकातला हवा आहे.

"यंदा काय लिव्हायचं?" बसलिंगनं विचारलं.
पुतण्याला मुलगी झाली.
"पोरी आमी लिव्हत न्हाई," म्हणाला,
मग जोंधळ्याच्या पोत्याकडं बघून,
"तुमी म्हनत असाल तर लिव्हतो."
लिहा. इरा.
दोनदा विचारून त्यानं कन्नडात लिहिलं.
"ह्या नावाचं आदी घरात कोन?"
कुणी नाही.
"मग सोपं हाय," म्हणाला,
आणि चोपडीला दोरी बांधली.